वडिलांची लॉबी, मुलाची लॉबी: टोकियोच्या ओकुरा हॉटेलचे प्रकरण

31 ऑगस्ट 2015 रोजी टोकियोच्या तोरानोमोन भागातल्या हॉटेल ओकुराची मुख्य इमारत बंद झाली आणि मग पाडली गेली. 12 सप्टेंबर 2019 रोजी त्याच जागेवर ‘द ओकुरा टोकियो’ सुरू झाले. 41 मजल्यांचा एक मनोरा, बाजूला 17 मजल्यांची दुसरी इमारत, दोन्हींत मिळून 508 खोल्या. सगळे कोरे करकरीत. पण मनोऱ्याच्या दारातून आत गेले की मूळ हॉटेल उघडले त्या 1962 सालात आपण थेट पोहोचतो. तेच टांगलेले दिवे, तीच बसकी टेबले, तोच मंद उजेड. हे पुन्हा उभे करणारे वास्तुकार योशिओ तानिगुची. मूळ लॉबी ज्यांनी रचली ते योशिरो तानिगुची त्यांचे वडील.

डिझाइनसाठी नावाजलेल्या हॉटेलात राहायला जाणारा माणूस खोलीच्या भाड्यापेक्षा बरेच जास्त पैसे मोजतो. ते कशाचे? इमारत पाडून तिच्यातली एकच जागा पुन्हा बांधली, तर त्याला मिळते ते खरे की देखावा? ओकुराइतके या प्रश्नाला सरळ भिडता येईल असे दुसरे हॉटेल मला माहीत नाही. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहू.

हॉटेल बांधणारा माणूस

किहाचिरो ओकुरा हे मेइजी काळातले (1868–1912) मोठे उद्योगपती. शस्त्रांच्या व्यापारात त्यांनी पैसा केला, मग बांधकामापासून खाणींपर्यंत पसारा वाढवला. टोकियोच्या प्रसिद्ध इम्पीरियल हॉटेलच्या कारभारातही त्यांचा मोठा हात होता. त्यांचे चिरंजीव किशिचिरो हे जरा वेगळेच प्रकरण. केंब्रिजला शिकायला गेले आणि मोटारींच्या नादी लागले. 1907 साली ब्रूकलँड्सच्या शर्यतीत फियाट चालवून दुसरे आले. पुढे बासरीच्या जातीचे एक नवे वाद्य काढून त्याला आपल्याच आडनावावरून ‘ओकुराउलो’ असे नाव दिले. असा हा शौकीन माणूस इम्पीरियलचा अध्यक्ष झाला. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकी वास्तुकाराने बांधलेली इम्पीरियलची प्रसिद्ध इमारत 1 सप्टेंबर 1923 रोजी, म्हणजे नेमकी कांतोच्या महाभूकंपाच्या दिवशी, उघडली आणि टिकली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी राजवटीने मोठी औद्योगिक घराणी मोडली, तेव्हा किशिचिरोंच्या हातून इम्पीरियल गेले. त्यांनी वडिलोपार्जित जागेवर नवे हॉटेल बांधायचे ठरवले. इम्पीरियलला तोडीस तोड, पण पाश्चात्त्यांची नक्कल न करणारे, जपानी सौंदर्यदृष्टीने घडवलेले. 1964 च्या ऑलिम्पिकआधी, मे 1962 मध्ये ते उघडले. पुढच्याच वर्षी किशिचिरो वारले.

इमारत उतारावर होती, तीन बाजूंना पंख पसरलेली, आडवी. बाहेरच्या भिंतींवर जुन्या जपानी कोठारांसारखी तिरक्या चौकोनांची नक्षी होती. मेजवान्यांच्या मोठ्या दालनाला ‘हेइआन’ हे नाव होते आणि त्याच्या भिंतींवर क्योतोच्या निशी होंगानजी मंदिरातल्या प्राचीन काव्यसंग्रहाच्या सजावटी कागदांवरून घेतलेली चित्रे होती. डिझाइनसाठी एक समितीच नेमली होती. लॉबी तिच्यातल्या योशिरो तानिगुचींच्या वाट्याला आली.

लॉबीत काय होते

योशिरो तानिगुची मूळचे कानाझावाचे. घरी कुतानी पद्धतीच्या चिनी मातीच्या भांड्यांची भट्टी होती. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्यांच्या लॉबीत बांधकाम कमी आणि कारागिरी जास्त दिसते. इमारतीचे खांब, तुळया, छत यांपैकी काहीही डोळ्यांत भरत नाही. लक्षात राहतात त्या सगळ्या टांगलेल्या, विणलेल्या, जोडलेल्या वस्तू.

छतातून खाली सोडलेले दिवे पाहा. कोफुन काळातल्या, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या, थडग्यांमध्ये सापडणाऱ्या माळांत स्फटिकाचे पैलूदार मणी असतात. त्या मण्यांचा आकार मोठा करून, एकाखाली एक ओवून, आतून उजळलेले हे दिवे ‘ओकुरा लँटर्न’ म्हणून ओळखले जातात. त्यांचा प्रकाश पिवळसर आणि इतका मऊ की खाली बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कडक सावली पडत नाही.

खाली गोल लाखकाम केलेली टेबले आणि प्रत्येकाभोवती पाच खुर्च्या. लॉबीला वर एक मधला मजला आहे. तिथे कठड्याशी उभे राहून खाली पाहिले की टेबल म्हणजे मधला गाभा आणि खुर्च्या म्हणजे पाकळ्या, अशी प्लमची फुले जमिनीवर उमललेली दिसतात. खाली बसलेल्याला हे कळत नाही. आपण फुलाचा भाग आहोत हे दुसऱ्या कुणाला तरी दिसते आहे, ही गंमत मला फार आवडते. खुर्च्या मुद्दाम बुटक्या आहेत. त्यामुळे बसलेल्यांची डोकी खाली राहतात आणि जागा आहे त्याहून उंच वाटते.

खिडक्यांना कागदी शोजी, म्हणजे सरकते पडदे, आणि त्यांच्या वर ‘असानोहा’ नावाची, ताऱ्यांसारखी दिसणारी लाकडी जाळी. बारीक पट्ट्या खिळ्यांशिवाय एकमेकींत अडकवून ती तयार होते. एका भिंतीवर चार पाकळ्यांच्या फुलांचे रेशमी विणकाम. हा नमुना केनकिची तोमिमोतो यांचा. जपान सरकारने 1955 मध्ये पहिल्यांदा ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान कलावंतांना दिला, त्या पहिल्या तुकडीतले हे कुंभारकाम करणारे कलावंत. मातीच्या भांड्यांवर ते हे फूल रंगवत. तानिगुचींनी ते क्योतोच्या निशिजिन विणकरांकडून कापडात उतरवून घेतले. आणि एका भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर ठिकठिकाणच्या वेळा. जेट विमानांचे युग नुकते सुरू झाले होते आणि त्याचे अप्रूप त्या नकाशात अजून दिसते.

पाडायचे का ठरले

मे 2014 मध्ये हॉटेलने पुनर्बांधणी जाहीर केली. आदल्या सप्टेंबरातच टोकियोला 2020 चे ऑलिम्पिक मिळाले होते. पन्नाशी ओलांडलेली इमारत, जुने पाइप आणि वायरिंग, 2011 च्या भूकंपानंतर वाढलेली धास्ती, ही कारणे खरीच होती. पण खरे दुखणे खोल्यांचे होते. 2005 पासून टोकियोत मँडरिन ओरिएंटल, पेनिन्सुला, रिट्झ-कार्लटन यांसारखी परदेशी हॉटेले आली. 2014 च्या अखेरीस आमानही येऊन बसले. त्यांच्या खोल्या प्रशस्त, उंचावर, शहराचा देखावा दाखवणाऱ्या. ओकुराची लॉबी जगात नावाजलेली आणि खोल्या मात्र 1962 च्या मापाच्या, कमी उंचीच्या. लॉबीत बसून चहा पिणाऱ्याकडून हॉटेलला फारसे मिळत नाही. पैसा खोलीतून येतो.

त्यात जमीन तोरानोमोनची. शेजारीच 2014 साली तोरानोमोन हिल्सचा उंच मनोरा उभा राहिला होता. ओकुराच्या जागेवर कमी उंचीचे हॉटेल ठेवणे म्हणजे मंजूर होऊ शकणारे चटईक्षेत्र सोडून देणे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पुनर्विकासाचे हे गणित समजावून सांगायला नको. नव्या मनोऱ्याचे मधले मजले कार्यालयांना भाड्याने गेले आणि वरचे हॉटेलला. सुमारे 110 अब्ज येनचा हा खर्च केवळ खोल्यांच्या भाड्यातून निघाला नसता. कार्यालयांचे भाडे हा या प्रकल्पाचा कणा आहे आणि लॉबी पुन्हा बांधण्याची चैनही त्याच भाड्यावर परवडली.

विरोध आणि कायदा

बातमी बाहेर पडताच गलका झाला, तो मुख्यतः परदेशातून. ‘मोनोकल’ मासिकाने याचिका काढली. बोत्तेगा व्हेनेता या इटालियन फॅशन कंपनीचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख टोमास मायर यांनी लोकांना ओकुरातल्या आपल्या क्षणांची छायाचित्रे टाकायला सांगितली. शेवटच्या दिवसांत लॉबीत फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली.

जपानमधून विरोध तुलनेने क्षीण राहिला, याचे परदेशी मंडळींना आश्चर्य वाटले. मला ते तितकेसे वाटत नाही. टोकियो हे शहर भूकंप, आगी आणि बॉम्बफेकीने पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त झालेले आहे. पन्नास वर्षांचे काँक्रीट तिथे कुणाला ‘वारसा’ वाटत नाही. आणि कायद्याचाही आधार नव्हता. 1996 पासून जपानात पन्नास वर्षांहून जुन्या इमारतींची सांस्कृतिक मालमत्ता म्हणून नोंदणी करता येते, पण मालकाची तयारी असेल तरच. नोंदणी झाली तरी पाडायला बंदी नसते. बदल करायचे असतील तर आधी कळवायचे, एवढेच. ओकुराने 2012 मध्ये पन्नाशी गाठली आणि दोन वर्षांत पाडण्याचा निर्णय झाला.

याच आवारात दुसरी एक इमारत मात्र वाचली. किहाचिरोंनी 1917 साली आपला कलासंग्रह लोकांसाठी खुला केला, तो ‘ओकुरा शुकोकान’. जपानमधल्या सर्वांत जुन्या खासगी संग्रहालयांपैकी हे एक. 1923 च्या भूकंपात ते जळाले आणि वास्तुकार चुता इतो यांनी 1927 मध्ये चिनी धाटणीची नवी इमारत दिली. (इतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीन, भारत, तुर्कस्तान असा तीन वर्षांचा अभ्यासप्रवास करून आले होते. टोकियोच्या त्सुकिजी होंगानजी मंदिरावर भारतीय शिल्पशैलीची जी छाप दिसते ती त्यांचीच.) ही इमारत 1998 पासून नोंदणीकृत होती. नव्या प्रकल्पात ती जमिनीवरून उचलून काही मीटर सरकवली गेली आणि खाली भूकंपाचे धक्के शोषणारी यंत्रणा बसवली गेली. म्हणजे तंत्र होते, पैसा होता आणि इच्छाही होती. संग्रहालय चटईक्षेत्राच्या आड येत नव्हते, हॉटेल येत होते.

पुन्हा बांधताना

योशिओ तानिगुची 1937 चे. टोकियोच्या केइओ विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी, मग हार्वर्डला वास्तुकला, मग वास्तुकार केन्झो तांगे यांच्या कार्यालयात काम. वडिलांच्या हाताखाली ते घडले नाहीत. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा 2004 चा विस्तार त्यांचा. टोकियोतली होर्युजी मंदिराच्या खजिन्याची 1999 ची दालनेही त्यांचीच. त्यांची स्वतःची शैली काच, पोलाद आणि पाण्याची, वडिलांच्या मऊपणापेक्षा खूपच थंड. अशा माणसाने वडिलांची लॉबी बांधताना स्वतःला पूर्ण मागे ठेवले, हे या प्रकरणातले मला सर्वांत अवघड काम वाटते. आपली सही करायची असती तर जागा भरपूर होती. ती त्यांनी बाहेरच्या चौकात केली. दोन इमारती आणि शुकोकान यांच्यामध्ये सपाट पाण्याचा एक हौद आहे. तो पाहताच हे कुणाचे काम ते कळते.

लॉबीसाठी काही सामान दुरुस्त करून परत आणले, काही नव्याने घडवले. दिव्यांत आता एलईडी आहेत, प्रकाशाचा रंग मात्र जुनाच राखला आहे. मधला मजला, जिना, टेबलांची मांडणी, जगाच्या वेळा दाखवणारा नकाशा, सगळे परत आले. पाच पाकळ्यांची फुले वरून पुन्हा दिसतात.

हे जमले, कारण 1962 मध्ये योशिरोंनी जी कारागिरी वापरली ती 2019 मध्ये जिवंत होती. निशिजिनचे विणकर होते, असानोहाची जाळी जोडणारे सुतार होते, लाखकाम करणारे होते. राइटच्या इम्पीरियलचे तसे नव्हते. तिथे कोरलेला ओया दगड आणि खास भाजलेल्या विटा हीच इमारत होती. मऊ जमिनीत ती असमान खचत गेली आणि 1968 पर्यंत पाडली गेली. तिचा फक्त दर्शनी भाग आणि लॉबी आइची प्रांतातल्या इनुयामा इथे ‘मेइजी-मुरा’ या खुल्या संग्रहालयात नेली. ती पूर्ण उभी व्हायला 1985 साल उजाडले.

आणि हे मेइजी-मुरा कुणी उभे केले? योशिरो तानिगुचींनी. 1940 मध्ये टोकियोतली ‘रोकुमेइकान’ ही मेइजी काळातली गाजलेली इमारत पाडली जात असताना ते हळहळले होते. त्यातूनच जुन्या इमारती एका जागी आणून जपण्याची कल्पना पुढे आली. रेल्वे कंपनी चालवणाऱ्या एका शाळासोबत्याला त्यांनी गळ घातली. 1965 मध्ये संग्रहालय उघडले आणि योशिरो त्याचे पहिले संचालक झाले. दुसऱ्यांच्या इमारती वाचवण्यासाठी एवढे करणाऱ्या माणसाची स्वतःची इमारत शेवटी मुलाच्या हातून नव्याने यावी लागली.

ओकुराच्या समर्थनार्थ हमखास इसेच्या देवळाचे उदाहरण दिले जाते. इसेचे शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. 2013 मध्ये बासष्टाव्यांदा बांधले. मग जपानी मनाला ‘मूळ’ आणि ‘प्रत’ हा भेद वाटतच नाही, असे म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. हा युक्तिवाद मला पळवाट वाटतो. इसेला पुन्हा बांधणे हा मूळ संकल्पाचाच भाग आहे. त्यासाठी झाडे लावली जातात, सुतारांच्या पिढ्या तयार केल्या जातात. ओकुरात 1962 मध्ये कुणी असे काही ठरवले नव्हते. ते पाडले गेले कारण जमीन महाग झाली. वारसा जतनावरच्या 1994 च्या नारा परिषदेने अस्सलपणा फक्त दगड-विटांत नसतो, वापर आणि परंपरा यांतही असतो हे मान्य केले, ते योग्यच. पण त्या कसोटीवरही ओकुरा अर्धाच उतरतो. कारागिरी आणि वापर टिकले. इमारतीशी असलेले नाते गेले.

ते नाते महत्त्वाचे होते. जुनी लॉबी आडव्या, बुटक्या हॉटेलच्या पोटात होती. लॉबीतून खोलीकडे जाताना तोच काळ सोबत यायचा. तीच लांब दालने, तसाच दबका उजेड. आता लॉबीतून लिफ्टमध्ये शिरले की अठ्ठाविसाव्या किंवा त्याहून वरच्या मजल्यावर जाऊन आपण आंतरराष्ट्रीय दर्जाच्या, उत्तम पण कुठेही असू शकेल अशा खोलीत उतरतो. लॉबी सुंदर आहे आणि एकाकी आहे. माझ्या मते मुलाचे काम निर्दोष आहे. दोष असलाच तर त्याला दिलेल्या कामात आहे.

राहायला जाणाऱ्याने काय करावे

दोन इमारतींतून निवड करायची असते. उंच ‘प्रेस्टीज टॉवर’मध्ये 368 खोल्या, शहराचा देखावा आणि खाली लॉबी. ‘हेरिटेज विंग’मध्ये 140 खोल्या. त्या मोठ्या, शांत आणि अर्थातच महाग. टोकियोचे दिवे पाहायचे असतील तर मनोरा घ्यावा. जुन्या ओकुराच्या स्वभावाजवळ जाणारे काही हवे असेल तर हेरिटेज. जपानी जेवणाचे ‘यामाझातो’ही तिथेच आहे. पण लॉबी मनोऱ्यात, हे लक्षात ठेवावे. ज्यासाठी आपण आलो त्या जागेसाठी हेरिटेजमधल्या पाहुण्याला चौक ओलांडून यावे लागते.

शाकाहारी माणसाने बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहून कळवावे. जपानी स्वयंपाकात वाळवलेल्या बोनितो माशाचा ‘दाशी’ इतका मुरलेला असतो की भाजीच्या वाटीतही तो असतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, ‘माशाचा रस्साही नको’ हे वेगळे सांगावे लागते. न्याहारीचा ओकुराचा फ्रेंच टोस्ट प्रसिद्ध आहे, त्यात अर्थातच अंडे.

खोली परवडत नसेल तर? लॉबी बघायला खोली लागत नाही. हिबिया मार्गावरचे कामियाचो स्टेशन चालत जाण्याइतके जवळ आहे. दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा, असे दोनदा जावे आणि मधल्या मजल्यावर नक्की चढावे. शेजारचे शुकोकानही पाहून घ्यावे. न पाडता सरकवलेली इमारत आणि पाडून पुन्हा आणलेली जागा, दोन्ही दोन मिनिटांच्या अंतरावर असल्याने तुलना आपसूक होते.

ज्याला हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायचे आहे त्याने टोकियोत थांबू नये. शिनकान्सेन या वेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांत कानाझावा येते. तानिगुचींच्या जुन्या घराच्या जागेवर तिथे पिता-पुत्रांच्या नावाचे वास्तुकला संग्रहालय आहे. तेही 2019 मध्येच उघडले आणि इमारत योशिओंचीच. आत त्यांनी वडिलांच्या आणखी एका कामाची, आकासाका प्रासादातल्या 1974 च्या जपानी अतिथिगृहातल्या दालनाची आणि चहाच्या खोलीची, हुबेहूब पुनर्रचना केली आहे. एकाच वर्षात वडिलांच्या दोन वास्तू पुन्हा बांधणारे योशिओ डिसेंबर 2024 मध्ये वारले. कानाझावाहून नागोयाकडे उतरून इनुयामाला गेले की मेइजी-मुरात राइटची लॉबी दिसते. तिकडे टोकियोत इम्पीरियलची 1970 ची इमारतही आता पाडली जाणार आहे. त्सुयोशी ताने या वास्तुकाराने आखलेले नवे हॉटेल 2036 मध्ये पूर्ण व्हायचे आहे.